गिरगावला स्टेशन आलं: आत्याबरोबर मेट्रो तीनवर तीन दिवस

"गिरगावला स्टेशन आलं रे, पण मी गोरेगावला गेल्यावर," आत्या फोनवर म्हणाली आणि माझं जानेवारीतलं मुंबईला जाणं तिथेच ठरलं.

तिचं म्हणणं मुंबईबाहेरच्यांना चटकन कळणार नाही, म्हणून सांगतो. आत्या लग्न होऊन गिरगावात गेली १९७१ साली. पुढची पंचवीस वर्षं एका चाळीत, दोन खोल्यांत. एवढं जुनं, एवढं गजबजलेलं गिरगाव, पण त्याच्या नावाचं स्टेशन कधीच नव्हतं. चर्नी रोडला उतरा नाहीतर मरीन लाइन्सला, आणि पिशव्या सांभाळत चालत घर गाठा. १९९६ला खोली सोडून ती गोरेगावला मुलाकडे राहायला गेली. मेट्रो तीनची गाडी गिरगावात थांबायला लागली ऑक्टोबर २०२५मध्ये. आत्या आता चौऱ्याहत्तरची आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि तिला ते स्टेशन बघायचं होतं.

मी सांगलीचा. मुंबईत कामापुरता येतो, पळतो, परत जातो. म्हटलं, या वेळी फक्त गिरगावच कशाला? आरेपासून कफ परेडपर्यंत ३३.५ किलोमीटरची लाइन आहे, २७ स्थानकं आहेत. तीन दिवस काढू, वाटेल तिथे उतरू. आत्येभाऊ म्हणाला, "जमिनीखालून काय दिसणार तुम्हाला? काळोख?" त्याचं बरोबर होतं. खिडकीतून खरंच काळोखच दिसतो. पण लोकलमध्ये शहर हळूहळू सरकत बदलतं; इथे ते जिन्यावरून वर आल्यावर एकदम समोर उभं राहतं. दर वेळी वेगळं. मला ते फार आवडलं. आत्याला अजिबात आवडलं नाही. ते पुढे येईलच.

पहिला दिवस, शुक्रवार: आरे ते बीकेसी

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरून गोरेगावला पोचलो, आंघोळ, चहा, आणि दहाच्या सुमारास रिक्षाने आरे जेव्हीएलआर स्थानक. २७ स्थानकांमधलं हे एकटंच जमिनीवर आहे, बाकी सगळी पोटात. सकाळी हवेत गारवा होता. मुंबईच्या मानाने. आत्याने स्वेटर घातला होता, मी हाफ शर्टात होतो आणि रिक्षावाला कानटोपीत.

स्थानकाच्या अलीकडे रिक्षा थांबवून आत्याने झाडांकडे बोट दाखवलं. "आम्ही गिरगावातून इथे सहलीला यायचो. छोटा काश्मीर म्हणायचे. डबे घेऊन." आरे दूध वसाहत १९४९ची; शहरातले गाईम्हशींचे गोठे हलवून इथे आणले होते. त्याच्याही आधीपासून इथे वारल्यांचे पाडे आहेत, अजूनही आहेत. याच मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९मध्ये इथली झाडं रात्रीत कापली गेली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. आत्याचा नातू त्या रात्री इथे आला होता. आज तोच रोज याच गाडीने ऑफिसला जातो. मी त्याला त्यावरून काही विचारलं नाही. त्याला ते सांगायचं असतं तर त्याने सांगितलं असतं.

तिकिटाची खिडकी आहे, मशीन आहे, अॅप आहे. आत्याला हातात काहीतरी लागतं, म्हणून कागदी तिकीट घेतलं. त्यावर क्यूआर कोड छापलेला असतो, तो आत जाताना आणि बाहेर पडताना गेटवर दाखवायचा. पहिल्या गेटवर आत्याने तिकीट काचेवर ठेवलं आणि हात जोडावेत तशी वाट बघत उभी राहिली. गेट उघडलं. "अगंबाई!"

सरकत्या जिन्याला मात्र तिने साफ नकार दिला. तिथून पुढे तीन दिवस आमचा सगळा प्रवास लिफ्टने झाला. वय झालेलं माणूस बरोबर असेल तर हे लक्षात ठेवा: लिफ्ट प्रत्येक स्थानकात आहे, पण ती रस्त्यावर आणून सोडते ते तोंड तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. एकदा आम्ही बरोबर रस्त्याच्या पलीकडे निघालो आणि सिग्नल नसलेला रस्ता ओलांडण्यात दहा मिनिटं गेली. आत फलाटावर असतानाच पाट्या नीट वाचाव्यात. कुठलं तोंड कुठल्या रस्त्यावर उघडतं हे लिहिलेलं असतं. वर आल्यावर कळून उपयोग नाही.

गाडी आठ डब्यांची. फलाट आणि रूळ यांच्यामध्ये छतापर्यंत काचेची भिंत, गाडी आली की तिच्या दारांसमोर काचेचीही दारं उघडतात. आत्याला ती भिंत पटली. "लोकलला हे असतं तर किती जीव वाचले असते," ती म्हणाली. पुढे दोन स्थानकं गप्प होती.

सीप्झ, एमआयडीसी. इथे डबा खचाखच भरला, गळ्यात ओळखपत्रं, कानात बोंडं. एका मुलीने उठून आत्याला जागा दिली. आत्या बसली आणि लोकलच्या सवयीने आत सरकून चौथ्या सीटची, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथीला टेकण्यापुरती, जागा करायला लागली. इथे बाकं भिंतीला लागून लांबलचक आहेत, चौथी सीट ही भानगडच नाही. शेजारच्या बाईला कळेना या आजी का सरकताहेत. मग दोघी हसल्या. बाई डोंबिवलीची निघाली, चौथ्या सीटवर निम्मं आयुष्य काढलेली. घाटकोपरहून मेट्रो एकने मरोळ नाक्याला येऊन ही गाडी पकडते. मरोळ नाक्याला दोन मेट्रो भेटतात: वरून २०१४ची वर्सोवा-घाटकोपर, खालून ही. बाई म्हणाली, "पूर्वी पाऊण तास रिक्षात धूर खात बसायचे. आता तेवढ्या वेळात घरी जाऊन कुकर लावते."

विमानतळाची स्थानकं आम्ही नुसती ऐकली. टी-दोन, सहार रोड, टी-एक. बॅगा घेतलेले लोक चढत-उतरत होते आणि आत्या प्रत्येकाच्या बॅगेची चाकं बघत होती. सांताक्रूझ, वांद्रे कॉलनी झालं आणि बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाला, उतरलो. वर आलो तर काच, काच, काच. दुपारचं ऊन त्या काचांवरून उलटून अंगावर येत होतं. जेवायला परवडेल असं काही सापडेना. शेवटी एका इमारतीच्या मागच्या गल्लीत सुरक्षारक्षक आणि ड्रायव्हर लोक जेवतात ती टपरी सापडली: भाजी, चपाती, डाळ, भात, वर मागेल तितका कांदा. इथे येणाऱ्यांनी माझं ऐका, समोरच्या दर्शनी काचेला भुलू नका, मागच्या बाजूला जा.

परतताना तीन तासांपूर्वीचीच बोगद्याची भिंत. माझ्या कपाळावर पुढच्या खांबाचा शिक्का बसला, कारण मी तिकिटाकडे बघत चालत होतो. आत्याला तीन दिवस पुरलं ते हसायला.

दुसरा दिवस, शनिवार: शीतलादेवी, दादर, सिद्धिविनायक, अत्रे चौक

बीकेसी ते धारावी या टप्प्यात गाडी मिठी नदीखालून जाते. मी कान टवकारून बसलो होतो. काहीही कळत नाही. पाण्याखाली आहोत असं मी म्हटलं तेव्हा आत्याने पर्स छातीशी धरली, तेवढाच काय तो फरक.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, सांगलीकर म्हणून. हे बोगदे खणायला जी १७ यंत्रं आणली होती त्यांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं दिली होती. गोदावरी, वैतरणा, तापी, वैनगंगा. आणि कृष्णा. माहीम-दादरच्या पट्ट्यात खाली खणत होती ती कृष्णा. आमची कृष्णा पावसाळ्यात आयर्विन पुलाला भिडते तेव्हा आम्ही रात्र रात्र पाण्याची पातळी बघत जागतो. तिच्या नावाचं यंत्र मुंबईच्या काळ्या पाषाणातून वाट काढत दादरला पोचलं, या कल्पनेने मला उगाच बरं वाटलं.

शीतलादेवीला उतरलो, तेही आत्याच्या हट्टाने. तिला देवळात जायचं होतं. देवळात गर्दी नव्हती. तिने ओटी भरली, मी बाहेर चपला राखल्या. रस्ता आहे लेडी जमशेदजी मार्ग. या बाईंचं नाव नुसतं रस्त्याला नाही, कर्तृत्वही रस्त्याचंच आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती, माणसं होडीने जात. बाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये स्वतःचे घातले आणि १८४५मध्ये माहीमचा कॉजवे सुरू झाला. अट एकच, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. मेट्रोची शेवटपर्यंतची सत्तर रुपयांची पाटी वाचून आलेल्या माणसाला ही अट जरा जास्तच आवडते.

तिथून माहीमचा हलवा घेतला. कागदासारखे पापुद्रे, मध्ये खरोखरचा कागद. मी पहिला घास कागदासकट खाल्ला.

दादर मेट्रो शिवसेना भवनाजवळ आहे, दादर रेल्वे स्टेशनाजवळ नाही. हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा. नावाला भुलून मेट्रोतून उतरून लोकल पकडू असा बेत केलात, तर मधे दादरचा बाजार आहे, फुलवाले आहेत, फेरीवाले आहेत, आणि शनिवार असेल तर देवच आहे. सामान असेल तर टॅक्सी करा. आम्हाला मात्र आस्वादला जायचं होतं, ते जवळ. अर्धा तास रांग. थालीपीठ, कोथिंबीर वडी, आणि आत्याला पीयूष. शेजारच्या टेबलावर एक आजोबा एकटेच बसून साबुदाणा वडा चमच्याने बारीक तुकडे करून खात होते. प्रत्येक तुकड्याला चटणीचा एकच थेंब. त्यांचा वडा संपेपर्यंत आमची तीन ताटं झाली. वेटर त्यांना उठवायला एकदाही आला नाही.

सिद्धिविनायकला उतरलो आणि मंगळवार नव्हता म्हणून देवाचे आभार मानले. १८०१मध्ये लक्ष्मण विठू आणि देऊबाई पाटील यांनी बांधून घेतलेलं छोटंसं देऊळ होतं ते. देऊबाईंना मूल नव्हतं, आपल्याला नाही ते इथे येणाऱ्या बायकांना मिळो, म्हणून त्यांनी पैसे दिले अशी हकिकत आत्याने मला रांगेत सांगितली, आणि पुढच्या तीन बायकांनी वळून ऐकली. लाल वस्त्रं, नारळ, मोदक, चेंगराचेंगरी सोडून सगळं.

मग घोळ झाला. तिथून पुढे निघताना मी दोन तिकिटं काढली, एक आत्याकडे दिलं. तिने ते प्रसादाच्या पुडीत ठेवलं, कारण पर्समध्ये हरवतं. आत जाताना ठीक. उतरताना गेट उघडेना. तिकीट बघतो तर क्यूआर कोडच्या मधोमध कुंकवाचा अंगठ्याएवढा ठसा, आणि पेढ्याच्या तुपाने कागद पारदर्शक झालेला. मागे माणसं तुंबली. आत्या गेटला समजावायला लागली, "अरे, पैसे भरलेत बाबा." तिथला गणवेशातला मुलगा आला, विशीतला असेल. त्याने तिकीट शर्टाच्या बाहीवर हलकेच टिपलं, उजेडाकडे धरलं, पुन्हा काचेवर दाबलं. गेट उघडलं. कुंकू त्याच्या बाहीला लागलं ते लागलंच. आत्याने पुडी सोडून पेढा पुढे केला. तो ड्यूटीवर खात नाही म्हणाला. मग इकडेतिकडे बघून खाल्ला.

तिकिटाबद्दल आणखी एक. तुम्ही आमच्यासारखे दर दोन स्थानकांनी उतरणार असाल तर प्रत्येक वेळी नवं तिकीट लागतं, कमीत कमी दहा रुपये. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला थेट सत्तर. तुकड्यातुकड्यांनी गेलात तर बेरीज फुगते आणि रांगाही. एनसीएमसी, म्हणजे गेटवर टेकवून जायचं प्रवासाचं कार्ड, असेल तर निदान रांग वाचते. अॅपवर तिकीट काढायचं असेल तर वर रस्त्यावर असतानाच काढा, आत माझ्या फोनला रेंज नव्हती. पहिली गाडी पहाटे ५.५५ला, शेवटची रात्री साडेदहाला.

घोळ झाला ते स्थानक होतं आचार्य अत्रे चौक. म्हणजे वरळी नाका. आत्याने बाहेर येऊन आधी चारी बाजूंना बघितलं. गिरणीचे भोंगे, गेटाबाहेरची गर्दी, असं काहीतरी ती शोधत असावी. समोर टॉवर. "अत्र्यांचं ऐकायला आम्ही शिवाजी पार्कात जायचो," ती म्हणाली, मग स्वतःच दुरुस्त केलं, "मी नाही, तुझे आतोबा. मी लग्न होऊन येईपर्यंत अत्रे गेले होते." अत्र्यांनी १९५६मध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी दैनिक 'मराठा' काढलं. त्याच लाइनीवर पुढे हुतात्मा चौक. एका लढ्याची दोन नावं एका गाडीच्या रस्त्यावर आहेत आणि गाडी ती दोन्ही एकाच आवाजात, एकाच चालीत उच्चारते.

तिसरा दिवस, रविवार: गिरगाव

रविवारी आत्या साडेपाचला उठून तयार होती. ठेवणीतली इरकल, केसांत अबोलीचा गजरा. "स्टेशन बघायला चाललोय, लग्नाला नाही," आत्येभाऊ म्हणाला. तिने उत्तर दिलं नाही.

गाडीत गर्दी नव्हती. विज्ञान केंद्र, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड. मुंबई सेंट्रलला एक सबंध कुटुंब एसटीच्या प्रवासाच्या पिशव्या घेऊन चढलं, त्यांत एक कोंबडा असावा अशी मला शंका होती पण खात्री नाही. ग्रँट रोड सुटलं आणि डब्यात आवाज आला: पुढील स्थानक, गिरगाव.

आत्या उभी राहिली. गाडी अजून बोगद्यात होती, दोन मिनिटं तरी होती. मी म्हटलं, बस, पडशील. ती दांडी धरून उभीच.

फलाटावर उतरून तिने पाटीवर हात ठेवला. गिरगाव, देवनागरीत. मी फोटो काढायला गेलो तर म्हणाली, "थांब, पदर नीट करू दे."

लिफ्टने वर आलो. आणि आत्याला काहीच ओळखेना.

जगन्नाथ शंकरशेठ मार्ग होता, हे तिला माहीत होतं. पण कुठला भाग? ती या रस्त्यावर कायम चर्नी रोडच्या बाजूने शिरली होती, पाय ओढत, ठरलेल्या दुकानांच्या क्रमाने. आता एकदम मधेच, जमिनीतून, पाठ कुणीकडे आणि तोंड कुणीकडे हेच ठरेना. मेट्रोसाठी या रस्त्यावरच्या कित्येक चाळी पाडल्या. तिथल्या भाडेकरूंना याच भागात घरं द्यायची, असं ठरवून ते काम झालं. नव्या इमारती उभ्या आहेत. त्यामुळे आत्याच्या खुणा निम्म्या गेल्या होत्या. ती फुटपाथवर उभी राहून डावीकडे वळली, पुन्हा उजवीकडे. मला भीती वाटली, तिला चक्कर येतेय की काय.

मग तिने डोळे मिटले. तिथे, रविवारी सकाळी आठला, दूधवाल्याच्या सायकलसमोर. एखाद मिनिटाने म्हणाली, "कांदा भाजतायत. म्हणजे ठाकूरद्वार तिकडे." आणि चालायला लागली. गुडघ्यांची तक्रार न करता.

विनय हेल्थ होमची मिसळ खाल्ली. आता मी सांगलीचा, मिसळीवर मी गप्प बसू शकत नाही. गिरगावची मिसळ तिखट नाही. चव सुरेख आहे, मटकी नीट शिजलेली, फरसाण ताजं, पण कट बघून आमच्याकडचा माणूस विचारेल, हे आजारी माणसासाठी आहे का? मी हे मोठ्याने बोललो. पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "तुमच्याकडे चव कळू नये म्हणून तिखट घालतात." आत्या त्यांच्या बाजूने. दोघांनी मिळून माझा पराभव केला, मग त्यांच्यात वाडी कुठली, चाळ कुठली अशी चौकशी झाली आणि तीन वाक्यांत समान ओळख निघाली. गिरगावकर गिरगावकराला तीन वाक्यांत सापडतो. चार लागली तर एक जण खोटं बोलतोय.

त्या गृहस्थांनी विचारलं, "मग, आवडलं का स्टेशन?" आत्या म्हणाली, "स्टेशन छान आहे हो. पण चर्नी रोडहून चालत यायचो ना, तर घर येईपर्यंत अर्धी भाजी घेऊन व्हायची आणि सासूबाईंना काय सांगायचं ते ठरायचं. इथे एकदम दारात. विचार करायला वेळच नाही."

तिची चाळ आहे अजून. एक माणूस जाईल एवढा बोळ, मग लाकडी जिना, कठडा हाताने गुळगुळीत झालेला. वर गेलो नाही. खाली उभं राहून तिने दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीकडे बघितलं. तिथे कुणीतरी निळी चादर वाळत घातली होती. "दोरी तीच बांधलीय," आत्या म्हणाली, "खिळा मी ठोकलेला." मला दोरी दिसली, खिळा दिसला नाही.

केशवजी नाईक चाळीपाशी जाऊन आलो. मुंबईतला सगळ्यांत जुना सार्वजनिक गणपती इथला, १८९३पासूनचा. १९०१मध्ये स्वतः टिळक आले होते. जानेवारीत तिथे गणपती नव्हता, क्रिकेट होतं. जुन्या लाकडी घरांची खोताची वाडीही बघा, पण हळू आवाजात. लोक राहतात तिथे. कॅमेरा लावून खिडक्यांत डोकावणारी दोन पोरं आम्हाला दिसली आणि एका आजींनी त्यांना जे सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही.

हे सगळं आटपून तिथून पुढे काळबादेवी मेट्रो दिसली, पण रविवारचा बाजार बंद, म्हणून थेट सीएसएमटी. आत्या अजून बोरीबंदरच म्हणते, आणि ते चुकीचं नाही. १६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ३४ किलोमीटर. ही मेट्रो साडेतेहतीस. पहिल्या गाडीच्या कंपनीत संचालक म्हणून बसलेल्या मोजक्या भारतीयांपैकी एक होते गिरगावचे नाना शंकरशेठ. आत्ताच ज्यांच्या नावाच्या रस्त्याखालून आम्ही आलो, तेच. हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांनी तेव्हाच एक स्टेशन गिरगावात नाही का मागायचं?"

हुतात्मा चौकात ऊन चढलं होतं. कारंज्यातली फ्लोरा १८६४ची, मशाल घेतलेले शेतकरी-कामगार नंतरचे. २१ नोव्हेंबर १९५५ला इथे गोळीबार झाला. महाराष्ट्र १ मे १९६०ला झाला. आत्याने स्मारकाला चप्पल काढून नमस्कार केला. तिच्या मागे उभ्या असलेल्या दोन परदेशी बायांनीही चपला काढल्या, कशासाठी ते कळायच्या आधी.

चर्चगेट, विधान भवन झालं, आणि शेवटचं कफ परेड. इथे आणखी एकदा तेच. लिफ्टने वर आलो, आणि नाकात सुक्या मासळीचा वास. मच्छीमार नगर. उंच इमारतींच्या पायाशी कोळीवाडा, होड्या, दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील. सांगलीत वाढलेल्या मला तो वास जड जातो. आत्या मात्र दीर्घ श्वास घेत होती. एका कोळणीशी तिने वीस मिनिटं घासाघीस केली, जवळा आणि बोंबील घेतले, दोघी एकमेकींना शिव्या देत हसत होत्या. संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला. होडीच्या काठावर बसून तिने पाय मोकळे सोडले आणि गुडघ्याला बाम चोळला.

परतताना प्रश्न होता जवळ्याचा. चार पिशव्या एकात एक, वरून आत्याची शाल. तपासणीच्या मशीनमधून बॅग जाताना मी देवाचं नाव घेतलं. पलीकडून निघाली, कुणी काही बोललं नाही. पण गार हवेच्या बंद डब्यात वास लपत नाही. दोन स्थानकांनी समोरच्या मुलाने नाक उडवलं. मी छताकडे बघत बसलो. हुतात्मा चौक, सीएसएमटी, काळबादेवी. गिरगावची घोषणा झाली तेव्हा आत्याचा डोळा लागला होता. दारं उघडली, मिटली.

मुंबई सेंट्रलला शेजारी एक नऊवारीतल्या बाई येऊन बसल्या. त्यांनी एकदा श्वास घेतला, शालीकडे बघितलं, मग आत्याच्या दंडाला हलकेच हात लावून तिला जागं केलं आणि विचारलं, "जवळा ना? कितीला दिला?"